सिंधूबाईंची तिसरी कवळी

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण मी दातांच्या दवाखान्यात तीस वर्षं काढली असं कळलं, की लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारचा माणूस घास बाजूला ठेवून माझ्यापुढे तोंड उघडतो. मी दातांचा मेकॅनिक. मोटारीचा मेकॅनिक निदान मोटार चालवून तरी बघतो. मी हजारो कवळ्या केल्या आणि त्यातली एकही चावून पाहिली नाही.

आमचा दवाखाना सीताबर्डीत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होता. पुढच्या खोलीत डॉक्टरसाहेबांची खुर्ची, फ्रेममधली पदवी आणि रोग्याला धीर यावा म्हणून लावलेलं हसऱ्या बाळाचं कॅलेंडर. त्या बाळाला एकही दात नव्हता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, त्याला पडदा, आणि पडद्यामागे मी, माझा स्टोव्ह, प्लास्टरचं पोतं, मेण आणि कानशी.

धंदा थोडक्यात असा. डॉक्टर रोग्याच्या तोंडात मऊ मसाला दाबून ठसा घेत. तो ठसा पडद्याखालून माझ्याकडे येई. मी त्यात प्लास्टर ओतलं, की तासाभरात त्या माणसाचा जबडा माझ्या टेबलावर उभा राही, वाकड्या दातासकट, रिकाम्या जागांसकट. त्यावर मेण लावायचं, दात बसवायचे, साच्यात घालून उकळायचं, मेणाच्या जागी गुलाबी मसाला भरायचा, घासायचं, चमकवायचं, की झाली कवळी. कवळी नीट बसली तर लोक म्हणत, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. नाही बसली तर डॉक्टर म्हणत, मेकॅनिकनं घोळ केला. इतकी स्वच्छ वाटणी मी पुढे भावाभावांतही पाहिली नाही.

रोग्याचा चेहरा मला दिसत नसे. जबडा दिसे आणि आवाज ऐकू येई. प्लायवूड पातळ होतं, त्यामुळे ऐकण्याच्या बाबतीत मी डॉक्टरांच्या बरोबरीचाच होतो. किंबहुना थोडा पुढेच, कारण मी मध्ये बोलत नसे.

बायका रोगी म्हणून आल्या, की पुढच्या खोलीत एक ठरलेला प्रकार चाले. डॉक्टर विचारत, "कुठे दुखतं?" आणि नवरा सांगे, "खालच्या बाजूले, डावीकडं. रात्री जास्त." अगदी स्वतःचाच दात असल्यासारखं अचूक. नवरा नसेल तर सासू सांगे. बाईचं काम एवढंच, की तोंड उघडायचं. एरवी घरात तोंड उघडू नको म्हणून बजावलेल्या बाईला इथे 'आणखी उघडा, आणखी उघडा' म्हणून विनवत. त्यात बोलायची सोय मात्र नव्हती, कारण डॉक्टरांचा आरसा आत असे.

आणि हिरड्यांतून रक्त येतं, ही बायकांची तक्रार तर रोजची. त्याची कारणं आमच्या दवाखान्यात तीनच होती. बाई दात घासत नाही, किंवा तंबाखूचा गुडाखू लावते, किंवा बायकांचं हे असंच असतं. पहिली दोन नाकारता येत. तिसऱ्यातून सुटका नव्हती. एका शाळेतल्या बाईंनी एकदा धीर करून सांगितलं, की हिरड्या दर महिन्याला ठरावीक दिवसांत सुजतात, मग आपोआप ओसरतात. डॉक्टर म्हणाले, "मग ओसरतात ना? झालं तर." दुसरी एक गळ्याला गाठ असलेली, सदा थंडी वाजणारी बाई यायची. तिच्या हिरड्या फुगून दातांवर चढल्या होत्या. तिला साहेबांनी तुरट औषध चोळायला दिलं. हिरड्यांना. गळ्याकडे बघायचं ते दुसऱ्या डॉक्टरचं काम.

मला हे सगळं तेव्हा समजत होतं असं नाही. हार्मोन हा शब्द मी चाळिशी गाठल्यावर ऐकला. एका भल्या डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं, की शरीरात काही छोट्या छोट्या ग्रंथी असतात, त्या रक्तातून हुकूम पाठवतात, आणि सगळ्या अंगाला ते ऐकावे लागतात. पाळी त्याच हुकमावर येते, दूध त्याच हुकमावर येतं, आणि हुकूम चुकीचे सुटले तर त्याचा परिणाम कधी कधी सगळ्यांत आधी हिरड्यांत दिसतो, कारण ती कातडी नाजूक. मी म्हटलं, म्हणजे सचिवालयासारखंच. चूक वरच्या टेबलावर आणि बोंब गावातल्या तलाठ्याच्या नावानं. ते हसले. पण त्याआधी जे घडून गेलं होतं ते हसण्यासारखं नव्हतं, आणि आज तेच सांगायचं आहे.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. सिंधूबाई नावाची एक बाई दवाखान्यात यायला लागली. वय बत्तीस-तेहतीस. माहेर भिवापूरचं, नवरा मनोहरराव गांधीबागेत कापडाच्या एका ठोक दुकानात मुनीम. हे सगळं अर्थात मी पडद्यामागून ऐकलेलं. तक्रार तीच, हिरड्या जाड झाल्यात, रक्त येतं, दाढा हलतात. मनोहरराव म्हणाले, "गोड लई खाते, साहेब." साहेब म्हणाले, "दात घासत नाही." दोघांचं एकमत झालं. खालच्या दोन्ही बाजूंच्या मिळून चार दाढा काढल्या आणि दोन महिन्यांनी ठसा माझ्याकडे आला.

चांगला जबडा होता. पुढचे दात सरळ, एकमेकांना चिकटलेले, फक्त डावीकडचा सुळा थोडासा वळलेला आणि समोरच्या एका दाताची कड किंचित उडालेली. मी कवळी केली, ती बसली. डॉक्टरांच्या हाताला गुण होताच.

नऊ-दहा महिन्यांनी मनोहररावांचा आवाज आला. "साहेब, हे कवळी तं आता बसूनच नाही राहिली. हिरडीले रुतते. जखमा झाल्या."

डॉक्टरांनी आत डोकावून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला पाठ होता. नवा ठसा घेतला. ठसा घ्यायच्या आधी, आरसा तोंडाबाहेर असलेल्या त्या अर्ध्या मिनिटात, सिंधूबाईंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. जाड, घोगरा, पुरुषी म्हणावा असा.

"डॉक्टरसाहेब, कवळी नाही बिघडली. माह्यं तोंडच मोठं होऊन राहिलं."

साहेब म्हणाले, "बाई, बायकांचं तोंड मोठंच असतं. ते लहान करायचं औषध निघालं, की पहिलं मी घरी नेईन."

मनोहरराव हसले. बाकावर बसलेले दोघे हसले. टोला बरा होता, मीही आत हसलो.

मग मी प्लास्टर ओतलं. जबडा ठशातून निघाला आणि मला वाटलं, ठसे अदलाबदल झाले. पुढचे दात एकमेकांना चिकटलेले नव्हते. दोन दातांमधून पोस्टकार्ड सहज गेलं असतं. पण सुळा तोच वळलेला, आणि उडालेली कडही तीच. वरच्या जबड्याच्या साच्यावर खालचा ठेवला. आधी खालचे दात वरच्या दातांच्या आत जात होते. आता ते कडेला कड लागत होते.

मी पडदा बाजूला करून म्हटलं, "साहेब, ठसा जरा वेगळा आलाय."

"ठसा मी घेतलाय, नामदेव," साहेब म्हणाले.

ठसा त्यांनी घेतला म्हणजे तो बरोबरच. मी आत गेलो, नव्या जबड्यावर नवी कवळी केली, दात जुळत नव्हते तिथे कानशीनं थोडे घासले आणि जुळवून दिले. आमच्या धंद्यात असं चालतं. घासून दिलं, की पुष्कळ गोष्टी जुळतात. त्या दिवशी मी तेवढं केलं, जेवणाचा डबा उघडला आणि विसरून गेलो.

एक गोष्ट मात्र मी न विसरता करत असे. एरवी काम झालं, की प्लास्टरचे जबडे फोडून टाकायची पद्धत. पण ज्या रोग्याची तक्रार आली, त्याचे साचे मी फोडत नसे. पेन्सिलीनं नाव आणि महिना लिहून वरच्या फळीवर ठेवून देई. त्यात रोग्याच्या हिताचा विचार वगैरे काही नव्हता. उद्या ठपका आला तर माझ्याजवळ पुरावा असावा एवढंच. इतर लोक देवाच्या भरवशावर नोकरी करतात, मी जबड्यांच्या भरवशावर करत होतो.

दुसरी कवळी आठ महिने टिकली.

त्या दिवशी मनोहरराव नुसते आले नाहीत, चिडून आले. दुकानातून सुट्टी काढून आले होते आणि दुकानातून सुट्टी काढणाऱ्या मुनिमाचा राग काय असतो ते गांधीबागेत काम केलेल्यालाच कळेल. "दोन कवळ्या झाल्या, साहेब. मानूस चप्पल घेते तं वर्षभर चालते. हे काय चाललंय? तुमचा तो मेकॅनिक कोन हाये, त्याले बोलवा."

साहेबांनी मला बाहेर बोलावलं. इतक्या वर्षांत रोग्यासमोर बोलावण्याची ती पहिली वेळ. मी हात पुसत बाहेर आलो. साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं. शब्द आठवत नाहीत, आठवण्यासारखे नव्हते. मी खाली मान घालून उभा होतो आणि मान खाली असल्यामुळे मला पहिल्यांदा सिंधूबाईंचे हात दिसले. मांडीवर ठेवलेले. बोटं जाड, फुगलेली, लोहाराच्या हातासारखी. मनगटात काचेची बांगडी नव्हती, नुसता काळा दोरा.

मग मी वर पाहिलं. दीड वर्ष ज्या बाईचा जबडा मी ओळखत होतो, तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला. नाक रुंद, ओठ जाड, भुवयांवरचं हाड पुढे आलेलं, हनुवटी लांब. मला वाटलं, ही बाई मूळचीच अशी असेल. लोकांना असंच वाटत असणार.

ती उठली आणि वळताना उजव्या बाजूच्या हत्यारांच्या स्टँडवर सरळ आदळली. चिमटे, सळ्या सगळं खाली.

"पाहून चालता येत नाही काय वं?" मनोहरराव म्हणाले. "घरी बी असंच करते, साहेब. दार हाये का भित्ताड, समजत नाही हिले."

ती खाली वाकून चिमटे गोळा करायला लागली. मीही बसलो. चिमटा माझ्या हातात देताना ती हळूच म्हणाली, "भाऊ, तुमचं काही चुकलं नाही. मले मालूम हाये."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. ज्या बाईची कवळी बसत नव्हती, तीच म्हणत होती.

नवा ठसा घेतला गेला. त्या संध्याकाळी तिसरा जबडा ठशातून काढला आणि फळीवरचे दोन खाली उतरवले. तिन्ही एका रांगेत ठेवले. मोजायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून मुलीच्या कंपासपेटीतलं दोन टोकांचं डिव्हायडर आणायला घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सुळ्यापासून सुळ्यापर्यंत मोजलं. पहिल्यापेक्षा दुसरा मोठा. दुसऱ्यापेक्षा तिसरा मोठा. दोन दातांमधून आता पोस्टकार्ड सोडा, काड्यापेटीतली काडी जात होती. आणि वरच्या साच्यावर खालचा ठेवला, तर खालचे दात वरच्यांच्या पुढे येऊन उभे. हिरडी सगळीकडे जाड, गादीसारखी.

तेहतिशीच्या बाईचा जबडा वाढत होता. लहान मुलाचा वाढतो तसा.

मी तिन्ही साचे टॉवेलवर ठेवून बाहेर नेले. दुपारची वेळ होती, दवाखाना रिकामा. साहेब पेपर वाचत होते.

"साहेब, हे सिंधूबाईंचे तीन साचे."

"ह्यातले दोन तरी दुसऱ्या कोणाचे असतील."

"सुळा बघा साहेब. आणि ही उडालेली कड."

साहेबांनी चष्मा लावला. मी डिव्हायडर लावून दाखवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः लावलं. मग खुर्चीत मागे टेकून बसले. त्यांच्या तोंडून टोला निघाला नाही असा तो एकच दिवस. मग उठले, कपाटाच्या तळातून कॉलेजचं जाड पुस्तक काढलं, फुंकर मारली, धूळ माझ्या तोंडावर उडवली आणि पानं उलटायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या म्हणाले, "नामदेव, मला पहिल्यापासून शंका होतीच."

मी म्हटलं, "हो साहेब."

त्यांना मी दोष देत नाही. शंका यायला काहींना दीड वर्ष लागतं, आणि ती पहिल्यापासून होती हे कळायला एक रात्र.

साहेबांनी एका वयस्कर फिजिशियनना चिठ्ठी लिहिली. साचे दाखवायला हवेत म्हणून मला सोबत पाठवलं. म्हणजे चिठ्ठी रोग्याजवळ आणि जबडे माझ्याजवळ. मी ते बिस्किटाच्या डब्यात कापूस घालून नेले. मनोहरराव सारखे घड्याळ बघत होते. त्यांना अजून हा सगळा कवळीचा खर्च टाळण्याचा दवाखान्याचा डाव वाटत होता.

फिजिशियननी साचे पाहिले, चिठ्ठी पाहिली आणि सिंधूबाईंना विचारलं, "बाई, चपलेचं माप बदललं का?"

मनोहररावांनी तोंड उघडलं. "साहेब, ते काय आहे…"

"तुमच्या चपलेचं नाही विचारत," फिजिशियन म्हणाले. "त्यांना बोलू द्या."

सिंधूबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "हाव. दोनदा बदललं. आता यायच्याच चपला घालतो." त्यांनी नवऱ्याच्या पायांकडे बोट दाखवलं.

"बांगड्या?"

"लग्नात सव्वादोनच्या होत्या. आता पावणेतीनच्या बी चढत नाही. पाटल्या कापून काढल्या सोनाराकडून."

"पाळी?"

बाईंनी खाली पाहिलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे वळलो. "बंद हाये," त्या म्हणाल्या. "अडीच वर्सं झाले. सासूबाईनं बाबाकडं नेलं, त्यानं दोरा देल्ला."

"डोकं दुखतं?"

"रोज."

"कोणाला सांगितलं होतं?"

"सगळ्यायले सांगतलं."

मग फिजिशियन बाईंसमोर बसले, 'माझ्या नाकाकडे बघा' म्हणाले आणि दोन्ही हात बाजूंना लांब नेऊन बोटं हलवत हळूहळू आत आणायला लागले. "बोट दिसलं की सांगा." डावीकडचं बोट बरंच आत आल्यावर त्या म्हणाल्या, "दिसलं." उजवीकडचं बोट जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत त्या गप्प होत्या. मला तो कोसळलेला स्टँड आठवला. मनोहररावांना घरचं दार आणि भित्ताड आठवलं असावं, कारण त्यांनी घड्याळ बघणं थांबवलं.

"लग्नाचा फोटो आहे का घरी?" फिजिशियननी विचारलं. "आत्ता घेऊन या."

मनोहरराव सायकलवर गेले आणि तासाभरात फोटो घेऊन आले. फ्रेमसकट, भिंतीवरून खिळ्यासकट उपटून आणलेला. फोटोत एक बारीक चणीची, नाजूक नाकाची मुलगी होती. फिजिशियननी तो टेबलावर उभा केला. मनोहररावांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. पुन्हा फोटोकडे. नऊ वर्षं तो फोटो त्यांच्या पलंगासमोर होता आणि त्याखाली ही बाई झोपत होती. त्यांनी दोन्ही एकाच वेळी कधी पाहिलं नव्हतं.

"हे कवा झालं?" ते इतक्या हळू म्हणाले की मला वाटलं स्वतःशीच.

सिंधूबाई म्हणाल्या, "रोज थोडंथोडं."

लघवी तपासली, एक्स-रे झाला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती हाडाच्या एका छोट्या खोबणीत बसते. सिंधूबाईंची ती खोबण पसरून मोठी झाली होती. ग्रंथीत गाठ होती. तीच वाढीचे हुकूम सोडत होती. हातांना, पायांना, जिभेला, हिरड्यांना, जबड्याला. तिच्यामुळेच पाळी बंद, तिच्यामुळेच लघवीत साखर, साखरेमुळे हिरड्या आणखी कुजलेल्या, आणि तीच गाठ डोळ्यांच्या नसेवर दाब देत होती. गोड खाणं, दात न घासणं, बायकांचं असंच असतं, या तिन्ही कारणांना एका वाटाण्यानं खोटं पाडलं.

फिजिशियननी मनोहररावांना सांगितलं, की ताबडतोब मुंबईला न्यावं लागेल, उशीर केला तर डोळे जातील. मग त्यांनी असंही विचारलं, की आधी कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही. हा प्रश्न त्यांनी माझ्याकडे बघून विचारला नव्हता. पण बिस्किटाचा डबा माझ्या मांडीवर होता.

मुंबईला ऑपरेशन झालं, नंतर किरणं दिली. मनोहरराव तिथे तीन महिने राहिले. दुकानाची नोकरी गेली ती त्यांनी जाऊ दिली, हे त्यांच्या बाजूनं लिहिलं पाहिजे. सिंधूबाई वाचल्या. डोकेदुखी गेली, लघवीतली साखर आटोक्यात आली, ओठ आणि हातांची सूज बरीच उतरली, हिरड्या हळूहळू गुलाबी झाल्या. पण एकदा वाढलेलं हाड परत जात नाही. हनुवटी तशीच राहिली. डाव्या डोळ्याला बाजूचं पुन्हा दिसू लागलं. उजव्याला नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा-आठ महिने आधी आल्या असत्या तर तोही वाचला असता.

सहा-आठ महिने. दुसरी कवळी आठ महिने टिकली होती.

इकडे नागपुरात श्रेयाची वाटणी झाली. आमच्या साहेबांनी दंतवैद्यांच्या संमेलनात या केसवर भाषण दिलं. शीर्षक होतं, हिरड्या आणि अंतःस्राव, असं काहीतरी. साचे माझेच नेले होते, पेन्सिलीनं लिहिलेली नावं खोडून. 'जागरूक दंतवैद्य' म्हणून त्यांना शाल मिळाली. सासूबाईंनी सांगितलं, की दोऱ्यामुळेच गाठ डॉक्टरांना सापडली. मनोहरराव दुकानादुकानांतून सांगत, की मलेच पहिले वाटलं काहीतरी गडबड हाये. आणि मी हे दिवाळी अंकात लिहितो आहे, तेव्हा माझाही नंबर लागलाच.

वर्षभरानं सिंधूबाई पुन्हा दवाखान्यात आल्या. एकट्याच. नवी कवळी करायची होती. ठसा घ्यायच्या आधी त्यांनी साहेबांना सांगितलं, "त्या भाऊंले बी बोलवा. माप ते घेतीन." साहेबांनी मला बोलावलं. भाषणानंतर त्यांचा माझ्याशी बोलण्याचा सूर जरा मऊ झाला होता. शाल माणसाला ऊब देते.

मी माप घेतलं. तिसऱ्या साच्याशी ताडून पाहिलं. केसभरही फरक नव्हता. कवळी केली. आठवड्यानं त्या घालून बघायला आल्या, तेव्हा साहेब जेवायला गेले होते. बाकावरही कोणी नव्हतं. मला वाटलं, बोलायचं असेल तर आत्ताच.

"ताई, एक सांगायचं आहे," मी म्हटलं. "दुसऱ्या कवळीच्या वेळी मला फरक दिसला होता. दातांत फटी पडल्या होत्या. मी दात घासून कवळी जुळवून दिली. तेव्हाच धरून बसलो असतो, तर तुमचा डोळा…"

त्यांनी कवळी तोंडातून काढून हातात धरली आणि माझ्याकडे बघितलं. बघण्यासाठी त्यांना मान पूर्ण वळवावी लागली.

"काहून नाही बोलले?"

खरं तर मी उत्तर तयार ठेवलं होतं. साहेबांना सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही, असं. ते खोटंही नव्हतं. पण ते तोंडाशी आलं आणि फार लहान वाटलं.

"मेकॅनिक बोलत नसतो, ताई," मी म्हटलं.

त्यांनी हातातली कवळी उलटसुलट करून पाहिली. रागावल्या असं वाटलं नाही. माफ केलं असंही नाही.

"बाई बी बोलत नसते," त्या म्हणाल्या. "मी तं बोलली होती."

मग त्यांनी कवळी पुन्हा तोंडात घातली, चावून पाहिली, काढली आणि माझ्यापुढे धरली.

"डावीकडं, मागच्या बाजूनं जरासं टोचून राहिलं. तेवढं घासून द्या."

मी कवळी घेतली. आधी डिव्हायडर लावून मोजली, आणि मगच कानस उचलली.